तट्टाची जात

महाळुंग्यात मी राहायला आलो तेव्हा मुळेकाठी शेते होती. सुगी सरली की त्यांत धनगरांचे वाडे उतरत. आता तिथे उंच इमारती आहेत, 2021 पासून गावही महापालिकेत गेले आहे. तरी गेल्या हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो, तर एका मोकळ्या प्लॉटवर वाघूर गुंडाळणे चालले होते. वाडा हलत होता. एका घोडीच्या पाठीवर अंथरुणे, पातेली, झोळीत दोन कोकरे आणि सर्वांत वर पाय बांधलेली कोंबडी. दोरी बाईच्या हातात. मेंढरांमागे पुरुष चालायचे आणि बिऱ्हाडाची घोडी बायकांनी सांभाळायची, ही यांची जुनी वाटणी.

"खेचरं आहेत का हो?" शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला विचारले.

खेचरे कसली! ही भीमथडीची तट्टे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत 2023 साली राज्यगीत झाले, त्यात ज्यांचा उल्लेख आहे तीच.

थडी म्हणजे नदीचा काठ. बारामती-दौंड भागातल्या तालुक्याचे नावच इंग्रजी अमदानीत भीमथडी होते. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत सतराव्या-अठराव्या शतकांत ही जात घडली. समुद्रामार्गे आलेले अरबी घोडे, उत्तरेकडून आलेले तुर्की घोडे आणि इथली काटक डोंगरी तट्टे यांचा संकर त्यात आहे. अरबी घोडा देखणा आणि वेगवान, पण त्याची बडदास्त ठेवावी लागते. मराठ्यांच्या लढाईला वेगळेच जनावर हवे होते. घाट चढणारे, मिळेल त्या गवता-कडब्यावर भागवणारे, रात्रभर चालून सकाळी पुन्हा उभे राहणारे. त्यात शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. घोडा गेला की मान आणि मिळकत दोन्ही गेली. अशा माणसाने पैदाशीसाठी कोणती घोडी राखली असेल, हे सांगायला नको. 1758 साली मराठ्यांची फौज अटकेपर्यंत गेली, ती घोड्यांच्या जोरावर.

जगभर हेच झाले आहे. काम आधी, जात मागाहून. इंग्रजांनी शर्यतीसाठी आपल्या घोड्या पूर्वेकडून नेलेल्या मोजक्या घोड्यांना दाखवल्या आणि थरोब्रेड घडवला. पुण्याच्या रेसकोर्सवर धावतो तो हाच. त्याच इंग्लंडात गाडे ओढायला शायर घडला, खांबासारख्या पायांचा. काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाशी जवळ येतात, ते मात्र कोणत्या कामासाठी, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि भीमथडीचे काम संपले. इंग्रजी फौजेला मोठ्या हाडाचे घोडे हवे होते. ते पुढे ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून येऊ लागले. इथल्या तट्टांना आसरा दिला तो धनगरांनी. तलवारीऐवजी पातेली पाठीवर आली, एवढाच फरक. कमी चारा, लांब वाट, चढ-उतार हे सगळे तेच राहिले. म्हणून जात टिकली.

आता माझी गोष्ट सांगतो. ऐंशीच्या दशकात मी इंदापूरकडच्या एका बँकशाखेत होतो. एक धनगरीण आली. म्हणाली, "सायेब, घोडीला कर्ज द्या. घोडी मेली, बिऱ्हाड उचलंना." छापील अर्जात गाय होती, म्हैस होती, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या होत्या. घोडा नव्हता. 'जनावराची जात' या रकान्यात काय लिहायचे, तेही मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "मावशी, मेंढ्यांसाठी मागा, लगेच करून देतो." ती म्हणाली, "मेंढरं हायती की. त्यांच्यामागं जायाचं कशावर?" मी अर्ज परत दिला. वरिष्ठांना एक पत्र तरी लिहायला हवे होते. लिहिले नाही.

2024 च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद जाहीर केली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी वगैरे सात जाती आधीच होत्या, ही आठवी. म्हणजे रकान्यात लिहायला आता नाव मिळाले. पण वाडे कमी होत आहेत, चराऊ रानांना कुंपणे पडत आहेत, आणि बिऱ्हाडे टेम्पोतूनही जाऊ लागली आहेत.

त्या सकाळी मी बाईंना विचारले, "घोडी विकणार का कधी?"

"इकून? पोरगं म्हंतंय टेम्पो घिऊ," असे म्हणून तिने कोंबडीची दोरी घट्ट केली. "त्याला कर्ज मिळतंय म्हनं."

मग घोडीला चुचकारून ती नांद्याच्या दिशेने निघाली.