सह्याद्रीचे कडे, सुळके आणि नेढी

वाराणसीच्या घाटांवर मराठी माणसाला फारसे परकेपण वाटत नाही. अहिल्याबाई होळकर, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या नावांचे घाट तेथे आजही ओळीने उभे आहेत. परंतु त्या घाटांच्या पायऱ्यांचा दगड मात्र त्याच्या ओळखीचा नसतो. तो पिवळसर करड्या रंगाचा, हाताला किंचित खरखरीत लागणारा वालुकाश्म होय. चुनार आणि मिर्झापूर येथील विंध्य टेकड्यांतून तो आणला जात असे. अतिप्राचीन काळी पाण्याच्या तळाशी वाळूचे कण थरावर थर साचत गेले, दाबाने घट्ट झाले आणि त्यांचा हा पाषाण बनला. उलट, हे घाट बांधणारी घराणी मूळची ज्या मुलखातील, तेथील दगड काळा आहे. तोही थराथरांनीच रचलेला आहे. मात्र ते थर पाण्याने नव्हे, तर अग्नीने घातले आहेत.

काशीहून मुंबईकडे निघालेल्या प्रवाशास हा बदल रेल्वेच्या खिडकीतूनही पाहता येतो. माणिकपूर, सतना या भागात विंध्याच्या वालुकाश्माची संगत असते. इटारसी मागे टाकून गाडी खांडव्याच्या दिशेने वळली, की काळी जमीन आणि काळा दगड यांचे राज्य सुरू होते. मनमाडजवळ तर एक विलक्षण दृश्य समोर येते. माथे सपाट कापल्यासारखे असलेले डोंगर आणि त्यांच्या शेजारी उभ्या अंगठ्यासारखा एक एकाकी सुळका. लोक त्याला ‘हडबीची शेंडी’ म्हणतात. हा डोंगर ज्वालामुखीपासून झाला, असे सांगितले की ऐकणारा साहजिकच विचारतो, “मग ज्वालामुखीचे तोंड कोठे आहे?”

या प्रश्नाचे उत्तर असे, की तसे तोंड शोधण्यात अर्थ नाही. ज्वालामुखी म्हटले की जपानच्या फुजियामासारखा शंकूच्या आकाराचा पर्वत आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर घडले ते वेगळेच होते. भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अतिशय पातळ असा शिलारस वर येऊन पुरासारखा चहूकडे पसरला. तो थिजला; काही काळ गेला; मग दुसरा पूर आला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत. काही प्रवाह तर आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, वाहत गेले असावेत, असे संशोधकांचे मत आहे. कोयना परिसरात १९६७ साली झालेल्या भूकंपाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी अलीकडे तेथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेव्हा सुमारे १२५० मीटर खोलीवर हा काळा पाषाण संपला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा पुरातन खडक लागला. घडीव पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या डोंगरांना भूवैज्ञानिकांनी ‘ट्रॅप’ हे नाव दिले, तेही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

गंमत अशी, की या साऱ्या प्रदेशात ज्वालामुखीच्या मुखासारखे हुबेहूब दिसणारे एकच प्रसिद्ध ठिकाण आहे, ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. आणि ते ज्वालामुखीने झालेले नाही. अशनी येऊन आदळल्यामुळे ते विवर पडले, हे तेथील खडकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे.

मग सह्याद्रीचे कडे आणि सुळके कोणी घडविले? द्रव्य अग्नीचे असले, तरी कारागिरी पाण्याची आहे. तिचे मर्म एवढेच, की सर्व थर सारखे कठीण नाहीत. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजला. तो घट्ट आणि एकजीव झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि तेथे दगड सच्छिद्र झाला. (या पोकळ्यांतच पुढे स्फटिक वाढले. शेतात सापडणाऱ्या गारगोट्यांपैकी पुष्कळशा तेथूनच निखळलेल्या असतात.) दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा विटेसारख्या तांबड्या, मऊ मातीचा पट्टाही आढळतो. पाऊस या मऊ भागाला आधी झिजवितो. तेथे उतार तयार होतो, तर कठीण भाग उभ्या भिंतीसारखा टिकून राहतो. भिंत, उतार, पुन्हा भिंत, पुन्हा उतार. सह्याद्रीचा कोणताही डोंगर दुरून पाहावा, ही रचना सहज ध्यानात येते.

आपल्या दुर्गकारांनी ही रचना भूविज्ञानाच्या जन्माआधीच ओळखली होती. राजगडाचेच उदाहरण घ्यावे. कठीण थराच्या सपाटीवर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पसरलेल्या आहेत आणि त्यांच्या मध्यावर, आणखी वरच्या थरांचा जो अवशेष उरला, त्यावर बालेकिल्ला आहे. तटाचे अर्धे काम निसर्गानेच करून ठेवले होते. जेथे कडा तुटलेला नव्हता, तेथेच माणसाला तट घालावा लागला. किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे लढायांचे वर्णन तपशिलाने करतात. ज्या थरावर तो इतिहास घडला, त्या थराचा उल्लेख मात्र क्वचितच करतात. ही उणीव भरून निघावयास हवी.

कड्यांमध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला तोड नाही. हा कडा नुसता उभा नाही, तर मध्यभागी आत वळलेला आहे. काठावर पालथे पडून खाली पाहिले, तर कड्याचे पोट दिसत नाही. दृष्टी एकदम कोकणातील रानावर जाऊन पडते. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असेल, तर त्या धुक्यावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि तिच्याभोवती संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनीही हे दृश्य नोंदवून ठेवले आहे.

‘नेढे’ हा शब्द या प्रदेशाची खास देणगी होय. सुईच्या नाकाला नेढे म्हणतात. त्याप्रमाणे डोंगराच्या अरुंद धारेला आरपार पडलेल्या छिद्रालाही लोकांनी तेच नाव दिले. धारेच्या दोन्ही बाजूंनी मऊ भाग झिजत झिजत आत गेला, दोन्हींकडील पोकळ्या एकमेकींस मिळाल्या आणि वरचा कठीण थर कमानीसारखा तरून राहिला. राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडाच्या माथ्यावर अशी नेढी आहेत. रतनगडाच्या नेढ्यात बसले असता वारा अंगावर लोटल्यासारखा येतो.

ज्या भेगांतून शिलारस वर आला, त्यांपैकी काही भेगांतच तो थिजून राहिला. अशा उभ्या पाषाणभित्ती नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत विपुल आहेत. आजूबाजूची जमीन झिजून गेल्यामुळे त्या कित्येक किलोमीटर लांबीच्या पडक्या तटांप्रमाणे मैदानावर उभ्या दिसतात.

थिजताना शिलारस आकसतो. तळे आटल्यावर चिखलाला भेगा पडून जशा बहुकोनी खपल्या होतात, तशाच भेगा त्याला पडतात; मात्र त्या खोलवर जातात आणि पाच-सहा बाजूंचे उभे स्तंभ तयार होतात. मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी ही अशा स्तंभांचीच, सुमारे ६० मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या भोवतीचा दगड खाणींनी काढून नेला आणि आता इमारतींनी तिला चहूबाजूंनी वेढले आहे. १९५२ साली तिला शासकीय संरक्षण मिळाले, म्हणून जे उरले ते उरले. अमेरिकेतील ‘डेव्हिल्स टॉवर’ याच जातीचा. त्याच्या दर्शनास लोक दुरून येतात. गिल्बर्ट टेकडीचा पत्ता मात्र कित्येक मुंबईकरांनाही ठाऊक नसतो.

निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळग्यांचे रहस्य सोपे आहे. भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळावर गरगर फिरतात आणि जात्यासारखे त्याला कोरीत जातात.

आता पुन्हा त्या भिंत-उताराच्या रचनेकडे वळू, कारण माणसाचे जीवन तिच्याशी बांधलेले आहे. पावसाचे पाणी कठीण थराच्या भेगांतून खाली उतरते, मऊ मातकट थराशी अडते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरून ढासळलेली माती, मुरूम आणि धोंडे यांचा ढीग त्याच उतारावर साचतो. पाणी, माती आणि वाऱ्यापासून आडोसा एकत्र मिळाल्यामुळे डोंगरातील बहुतेक वाड्या याच पायरीवर वसल्या. परंतु हा उतार म्हणजे खडक नव्हे, तो खडकावर टेकलेला सैल ढीग आहे. मुसळधार पावसात तो पाण्याने जड होतो आणि खालचा खडक त्याला धरून ठेवू शकत नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या रस्त्याने जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही घटना जगाला कळली.

रायगड जिल्ह्यातील इर्शाळगड हा भटक्यांच्या परिचयाचा आहे, तो त्याच्या सुळक्यामुळे आणि नेढ्यामुळे. त्याच्या कुशीतील पायरीवर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा उतार तिच्यावर कोसळला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्यामुळे माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसांनी हातांनी, फावड्यांनी माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जणांचा ठावठिकाणा नव्हता. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते.