शंभराच्या वेगाची उंची

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आदि कुंभेश्वर मंदिराचं राजगोपूर १२८ फूट उंच आहे. त्याच्या टोकावरून दगड सुटला, तर हवेचा अडथळा सोडून दिल्यास जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर भरेल. काटेकोर गणितात उंची १२९ फूट येते, म्हणजे चूक जेमतेम फुटाची! इथली डिग्री कॉफी पिऊन महामार्गाला लागलेला, शंभराच्या वेगात पेंगणारा प्रवासी त्या दगडाइतक्याच वेगात असतो. तो आडवा पडतोय, म्हणून त्याला भीती वाटत नाही, इतकंच.

वेग निम्मा केला की उंची पाव होते. पन्नासला ३२ फूट. तरीही ती तिसऱ्या मजल्यावरची गच्ची झाली.

पण हाडं मोडतात ती पडताना नव्हे, थांबताना. आणि इथलं गणित फार देखणं आहे: पडण्याच्या उंचीला थांबायच्या अंतराने भागा, जो आकडा येईल, सरासरी तितके पट तुमच्या वजनाचा जोर अंगावर येतो. पन्नासच्या वेगात गाडी भिंतीवर आदळली आणि तिचं नाक दोन फूट चेपलं, असं समजू. पट्ट्याने तुम्हाला सीटशी बांधलेलं असेल, तर ते दोन फूट तुम्हालाही मिळतात. ३२ भागिले २, म्हणजे १६ पट. साठ किलोच्या माणसावर साधारण एक टन. पट्टा नसेल, तर गाडी थांबते, तुम्ही मात्र पन्नासनेच पुढे जाता आणि डॅशबोर्डवर चार इंचांत थांबता. ९६ पट, पावणेसहा टन! मांडीवरचं दहा किलोचं बाळ गाडीबरोबर थांबवायचं, तरी १६० किलो पेलावे लागतील. कुठल्या आईला ते जमेल?

मागच्या सीटला हे गणित माफ नाही. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली. पुढचे दोघे वाचले, मिस्त्रींसह मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

आजचा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलीनचा. आधी तो साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर उडवणाऱ्या खुर्च्या करायचा. १९५९मध्ये व्होल्वोत त्याने माणसाला खुर्चीत धरून ठेवणारी युक्ती काढली. व्होल्वोने ती इतर कंपन्यांनाही वापरू दिली. पूर्वीचे बरेच पट्टे नुसते कमरेवरचे. बोलीनच्या पट्ट्याने जोर गळ्याखालचं हाड, छाती आणि कमरेचं हाड यांवर वाटून दिला. म्हणून खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावरच हवा. गरोदर बाईने तर पोटाच्या खालूनच घ्यावा.

उभ्या गाडीत पट्टा सावकाश ओढून पाहा, येईल. हिसका द्या, अडेल. रीळ भलत्या वेगाने फिरलं, की आतला खटका दात्यांत अडकतो. शिवाय बऱ्याच रिळांत खोलगट वाटीत एक छोटी गोळी असते. गाडीला जोराचा ब्रेक लागला, की ती वाटीच्या काठावर चढते आणि खटका लावते. घाटातल्या उतारावर उभ्या गाडीतही पट्टा कधीकधी हट्टाने अडतो, तो या गोळीमुळेच.

मला सर्वांत नवल वाटतं ते पट्ट्याच्या माघारीचं. अनेक नव्या गाड्यांत रिळाच्या मधोमध एक धातूची दांडी असते. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ती पिळवटते आणि पट्टा मुद्दाम थोडा सैल सोडते. बरगड्यांना तेवढे इंच जास्त मिळतात, भागाकारातला खालचा आकडा वाढतो. एकदा पिळवटलेली दांडी मात्र पुन्हा सरळ होत नाही; मोठ्या अपघातानंतर तो पट्टा रिळासकट बदलावा लागतो.