कांद्याला चाळ, माणसाला पत्रा

लोणंदचे नाव घेतले की महाराष्ट्राला कांदा आठवतो. इथल्या बाजार समितीत कांदा पोत्यांनी येतो, लिलाव होतो आणि रेल्वेने, ट्रकने देशभर जातो. हा कांदा टिकावा म्हणून शेतकरी चाळ बांधतो. ही चाळ कशी असते ते एकदा नीट पाहावे. जमिनीपासून उंच तळ, खालून हवा खेळावी म्हणून मोकळी जागा, बाजूंना फटी, ऊन भिंतीवर पडू नये म्हणून पुढे आलेली पाखी. छताला शक्यतो कौले किंवा सिमेंटचे पत्रे. लोखंडी पत्रा तापतो आणि कांदा सडतो, म्हणून जाणकार तो टाळायला सांगतात. अशा चाळीसाठी सरकार अनुदानही देते, आणि ते द्यायलाच हवे. शेतकऱ्याच्या घामाचे ते मोल आहे.

पण त्याच बाजारात दिवसभर पोती उचलणारा हमाल आणि कांदा निवडणारी बाई संध्याकाळी कुठे जातात? वस्तीवरच्या घरात. तिथे डोक्यावर लोखंडी पत्रा, पाठीमागे खिडकी नाही आणि पुढे पायरीभर अंगण. ज्या छताखाली कांदा ठेवू नये असे शास्त्र सांगते, त्या छताखाली आमची माणसे ठेवली आहेत. कांद्याला हवा लागते हे या व्यवस्थेला कळते. माणसालाही ती लागते, हे तिला केव्हा कळणार?

सातारा जिल्हा म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते. पण खंडाळा, फलटण, माण, खटाव हा पट्टा पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो, वावटळी उठतात आणि वाहनांनी उडवलेला फुफाटा घराघरांत शिरतो. 1828-29 च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर वसले, ते गोऱ्या साहेबांना उन्हाळा सोसवेना म्हणून. साहेब डोंगरावर गेले. जे खाली राहिले त्यांच्या कचेऱ्यांत छताला कापडी पंखे टांगलेले होते आणि बाहेर बसून त्यांची दोरी ओढणारा हात गरिबाचा होता. थंडावा हा या देशात कधीच सर्वांचा नव्हता.

आज दोरी ओढायला माणूस नाही, वीज आहे. मग प्रश्न सुटला का? जरा हिशेब मांडू. छताचा साधा पंखा 75 वॅटचा असतो. तो दिवसाला 16 तास चालला तर 1.2 युनिट, म्हणजे महिन्याला 36 युनिट जळतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला स्वस्त दर मिळतो, पण त्याची अट वर्षाला 360 युनिटची, म्हणजे महिन्याला सरासरी 30 ची. एकच पंखा आठ महिने चालला तरी 288 युनिट होतात. त्यात दोन दिवे आणि एक लहान टीव्ही धरला की मर्यादा ओलांडली! याचा अर्थ असा की गरिबाने गरिबाच्या दरात राहायचे असेल, तर पंखा बंद ठेवून घामात झोपावे.

ज्याच्याकडे दोन पंखे आणि एक कूलर आहे त्याचे काय? दोन पंख्यांचे 72 युनिट. 180 वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला की 54. झाले 126. महावितरणच्या दरपत्रकात घरगुती ग्राहकासाठी 100 युनिटनंतर दुसरा टप्पा लागतो. या टप्प्याचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास असतो. तो फक्त 100 च्या वरच्या युनिटांना लागतो, हे खरे. पण त्यात स्थिर आकार आणि वीज शुल्क मिळाले की हमालीच्या मजुरीतून कितीतरी दिवस त्या बिलातच जातात.

आणि बिल भरून भागत नाही. या धुळीत यंत्रे टिकत नाहीत. कूलरच्या गवतात धूळ आणि बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात, ते दगडासारखे होते आणि हवा आत येणे थांबते. दर हंगामाला गवत बदलावे लागते, पंप जातो, टाकीचा पत्रा गंजतो. पंख्याचा कंडेन्सर कमजोर झाला की पंखा नुसता फिरतो, वारा देत नाही. कूलरला पाणीही रोज लागते. वीर धरण जवळ आहे, नीरेचा कालवा तालुक्यातून जातो, तरी वस्तीवर हंडाभर पाण्यासाठी रांग लागते. कूलरमध्ये ओतायचे की पोरांना प्यायला ठेवायचे?

सातारच्या पाडळीहून मसूरला जाणारा जो लोहमार्ग आहे, तोच लोणंदवरून पुण्याला जातो. 1901 च्या उन्हाळ्यात याच मार्गावर लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला होता. मसूरला उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे मोजूनही त्या भावंडांना वाटेत पाण्याचा थेंब मिळाला नाही. हाच मुलगा पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्याच्याकडेच होती. वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, ती नफ्याची नव्हे तर लोकांच्या उद्धाराची बाब आहे, ही दृष्टी बाबासाहेबांनी दिली. 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. त्यांच्या नावाने महावितरणने 2021 मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जीवन प्रकाश योजना काढली. 500 रुपये अनामत हप्त्याने भरून जोडणी मिळू लागली. जोडणी मिळाली, चांगले झाले. पण जोडणीनंतर बिल परवडावे, ही जबाबदारी कोणाची?

तेव्हा मागणी नेमकी केली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाची 360 युनिटची अट उन्हाळ्याचा विचार करून वाढवा. रमाई आवास योजनेत 269 चौरस फुटांचे घर मंजूर करताना समोरासमोर खिडक्या आणि तापणार नाही असे छत सक्तीचे करा. अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेत माणसे गमावली, म्हणून 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग दिला. लोणंद नगरपंचायतीला वस्ती सुधारणेच्या पैशातून हे का जमू नये? काँक्रीटचे गटार आणि कमान यांच्यापलीकडेही सुधारणा असते.

आणि सरकार जागे होईपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसू नये. स्लॅब असेल तर मार्चमध्ये चुन्याचा दाट हात द्यावा, पत्रा असेल तर पांढरा रंग. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधून वीतभर पोकळी ठेवावी, मात्र विजेची वायर त्यापासून दूर असावी. कूलरला अर्थिंग असल्याशिवाय हात लावू नये आणि पाणी भरताना प्लग काढावा. आठवड्याला टाकी कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. नवा पंखा घेताना 30 वॅटचा घ्यावा. महाग पडतो, पण महिन्याला वीसेक युनिट वाचवतो. दारात एक कडुनिंब लावावा आणि तो जगवावा.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात आपल्या वस्तीतली किती छते पांढरी होतील? 14 एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी एका म्हातारीच्या घराचे छत रंगवणे हेही अभिवादनच आहे. कांद्याला जी हवा मिळते, ती माणसाला मिळालीच पाहिजे. ती भीक नव्हे, हक्क आहे.