बारशिंग्याची सावली कोणत्या बाजूला?

कान्हा राष्ट्रीय उद्यान मध्य प्रदेशातील मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. त्याचे मुक्की हे प्रवेशद्वार बालाघाटच्या बाजूला येते. तेथून परतणाऱ्या हौशी छायाचित्रकाराजवळ बहुधा दोन प्रकारची छायाचित्रे असतात. एकात बारशिंगा डौलदार उभा असतो, पण मागे जिप्सी आलेली असते. दुसऱ्यात धुक्यातले गवताळ मैदान अप्रतिम असते, पण रिकामे. या दोहोंची सांगड घालून एकच चित्र सिद्ध करणे म्हणजे फोटोमोंटाज.

ही कला संगणकाहून बरीच जुनी आहे. ऑस्कर रेलॅंडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र तयार केले होते. आज तेच काम फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये घरबसल्या होते.

मैदानाचे छायाचित्र खालच्या लेअरवर आणि बारशिंगा वरच्या लेअरवर ठेवावा. प्राण्याभोवतीचा भाग खोडरबराने पुसू नये, लेअर मास्क वापरावा. मास्कवर काळा रंग दिला की तेवढा भाग झाकला जातो, पांढरा दिला की पुन्हा दिसू लागतो. चूक केव्हाही दुरुस्त करता येते. कडा एक-दोन पिक्सेल मऊ कराव्यात. खुरांपाशी गवताची पाती मास्कमधून पुढे आणली नाहीत, तर प्राणी जमिनीवर उभा न वाटता चिकटवल्यासारखा दिसतो. सावलीसाठी मल्टिप्लाय पद्धतीचा स्वतंत्र लेअर घ्यावा. ती खुरांपाशी गडद आणि पुढे विरळ होत जावी.

इथवर सॉफ्टवेअर साथ देते. खरी परीक्षा प्रकाशाची आणि ऋतूची. मैदानावर ऊन डावीकडून येत असेल आणि बारशिंग्याची उजवी कूस उजळलेली असेल, तर कितीही सफाईने कापले तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. शिवाय बारशिंग्याची शिंगे दरवर्षी गळतात. पावसाळ्यात नव्या शिंगांवर मखमली कातडी असते. हिवाळ्यात, माजाच्या दिवसांत, ती कठीण आणि उघडी असतात. मखमली शिंगांचा नर जानेवारीच्या धुक्यात उभा केला, तर जाणकाराच्या नजरेतून तो सुटत नाही. स्वीडनमधील पुरस्कारप्राप्त निसर्गछायाचित्रकार तेर्ये हेलेसो २०११ मध्ये असाच उघडा पडला. जुलैत टिपल्याचे सांगितलेल्या त्याच्या लिंक्स या रानमांजराच्या अंगावर हिवाळ्याची दाट लव होती! इतरांच्या छायाचित्रांतले प्राणी उचलून आपल्या चित्रांत बसवल्याची कबुली त्याला द्यावी लागली.

वन्यजीवांच्या बाबतीत प्रश्न केवळ पुरस्काराचा नसतो. २००७ मध्ये चीनच्या शान्शी प्रांतात एका शेतकऱ्याने रानटी दक्षिण चिनी वाघ टिपल्याचा दावा केला आणि वनखात्याने त्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात भिंतीवर लावायच्या एका छापील चित्रातला वाघ झुडपांत ठेवलेला होता. पट्टे जुळले आणि बिंग फुटले. दर वाघाचे पट्टे निराळे असतात, कॅमेरा ट्रॅपवरची गणनाही त्यांच्याच आधारे होते. गोव्यात तर हा विषय अधिकच नाजूक आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मृतावस्थेत सापडले आणि व्याघ्र प्रकल्पाचा वाद पुढे न्यायालयात गेला. अशा ठिकाणी वाघाचे प्रत्येक छायाचित्र पुरावा म्हणून पाहिले जाते. एखादे गमतीने केलेले जोडचित्र मोबाइलवरून फिरू लागले, तर खऱ्या छायाचित्रांवरही संशय घ्यायला निमित्त मिळते.

कान्ह्यातील बारशिंग्याची संख्या १९७० च्या सुमारास अवघी ६६ वर आली होती. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नांत कोठे, केव्हा आणि किती प्राणी दिसले, या नोंदींना फार मोल आहे. म्हणून रिकाम्या मैदानावर जोडलेला कळप भिंतीवर टांगायला हरकत नाही. तो नोंद म्हणून कोठेही धाडू नये. मूळ छायाचित्रे तारखांसह वेगळी जपावीत, लेअर असलेली फाइल एकत्र न करता ठेवावी, आणि जोडचित्राखाली स्पष्ट लिहावे : ‘दोन छायाचित्रे जोडून, मुक्की परिसर, बालाघाट’.