आईच्या ओवीची चाल

आमच्या कड्यात गिरणी आली आणि घरातलं जातं कोपऱ्यात गेलं. आईच्या ओव्या मात्र राहिल्या. शब्द मी वहीत उतरवले होते, पण चाल? ती फक्त तिच्या गळ्यात! यंदा तिनं पंचाहत्तरी ओलांडली, तसं माझ्या पोटात धस्स झालं.

पं. भातखंड्यांनी (१८६०-१९३६) देशभर फिरून बंदिशी स्वरलिपीत लिहून घेतल्या, म्हणून त्या टिकल्या. मीही पेटी घेऊन बसले. पण शहरात व्हायोलिन शिकणाऱ्या भाचीला पाच रेघांचीच लिपी वाचता येते. मग मुलानं संगणकावर ‘लिलिपाँड’ हे मोफत सॉफ्टवेअर घालून दिलं.

यात रेघा काढायच्या नाहीत, पत्रासारखी इंग्रजी अक्षरं टाइप करायची. सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई. कोमल स्वराला ‘ईएस’ जोडायचं, तीव्र मध्यमाला ‘आयएस’. पुढं ४ लिहिलं की एक मात्रा, ८ लिहिलं की अर्धी. खाली ओवीचे शब्द देवनागरीत. चुकलं तर एक अक्षर बदला. पान पुन्हा आपोआप नीट लागतं.

भाचीनं फोनवर ओवी वाजवून दाखवली. आई म्हणाली, “सूर बरोबर हायेत गं, पण दम कुठं घ्यायचा ते ल्हिवलंच न्हाई!”

खरंच की! त्याचीही खूण असते. मी दोन ठिकाणी टाकली.

तुमच्या घरात असा गळा असेल, तर आजच समोर बसा.