हुआस्तेकाचें गाणें

मेक्सिकोचें संगीत म्हटलें कीं, रुंद टोप्या घालून तुताऱ्या वाजविणारा मारियाची वादकांचा ताफा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु त्या देशाच्या ईशान्येस, आखाताच्या किनाऱ्यापासून पूर्व सिएरा माद्रे पर्वतापर्यंत पसरलेल्या हुआस्तेका प्रदेशांत, अवघ्या तिघांचें एक निराळें संगीत नांदत आहे. त्यास 'सोन हुआस्तेको' किंवा 'हुआपांगो' म्हणतात. हा प्रदेश वेराक्रूस, सान लुईस पोतोसी, इदाल्गो, तामाउलिपास, केरेतारो व प्वेब्ला ह्या सहा राज्यांत विभागलेला असला, तरी ह्या गाण्याला राज्यांच्या सीमा ठाऊक नाहींत.

तिघांपैकीं एक व्हायोलिन वाजवितो. दुसऱ्याजवळ हाराना नांवाची पांच तारांची लहान गिटार असते. आणि तिसऱ्याजवळ हुआपांगेरा ही मोठी, बहुधा आठ तारांची गिटार. ताल सहा मात्रांचा. पण त्या कधीं तीन-तीनांच्या दोन गटांत, तर कधीं दोन-दोनांच्या तीन गटांत पडतात. मधूनच हाताच्या आघातानें तारा दाबल्या जातात, आणि त्या क्षणिक स्तब्धतेनें ताल अधिकच ठसतो.

गायनाचें वैशिष्ट्य म्हणजे 'फाल्सेते'. गायक नेहमींच्या आवाजांत गातां गातां एखाद्या अक्षरावर एकदम उंच, पातळ स्वरांत उडी घेतो आणि तितक्याच चपळाईनें खालीं उतरतो. बहुधा पांच किंवा सहा ओळींचें कडवें दोघे गायक वांटून घेतात. एकानें म्हटलेली ओळ पुष्कळदां दुसरा उचलतो. कुशल कवि समोरच्या मंडळींना उद्देशून नवीं कडवीं तेथल्या तेथें रचतो.

'हुआपांगो' हा शब्द नाहुआत्ल भाषेंतील असून, 'लांकडावर' असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगतात. नर्तक लांकडी फळ्यांवर टांचा आपटून नाचतात. मात्र कडवें सुरू होतांच पावलें हळू होतात आणि व्हायोलिनहि मागें सरतें. कारण शब्द ऐकूं आले पाहिजेत. कडवें संपलें कीं व्हायोलिन पुढें येतें आणि फळ्या पुन्हा दणाणतात.

गेल्या शतकाच्या मध्यास चित्रपट व रेडिओ यांनीं हुआपांगो देशभर नेला. मिगेल आसेवेस मेखिया ह्यांच्यासारख्या गायकांनीं मारियाचीच्या साथीवर फाल्सेतेचा स्वर दीर्घ ताणून लोकांना मोहविलें. कीर्ति वाढली, पण ध्वनिमुद्रिकेंत कडवें कायमचें ठरून गेलें आणि पायांखालची फळी नाहींशी झाली. खोसे पाब्लो मोंकायो ह्यांची १९४१ सालची 'हुआपांगो' ही विख्यात वाद्यवृंदरचना तर वेराक्रूसच्या दक्षिण किनाऱ्याकडील चालींवर आधारलेली आहे. हुआस्तेकाच्या तिघांचें हें संगीत तिच्यांत शोधूं नये.

आजहि हुआस्तेकांत तरुण हें वादन शिकतात, आणि जत्रांतून रात्रभर नाच चालतो. ह्या परंपरेचा जीव गळ्याच्या करामतीपेक्षां ऐकणाऱ्यांच्या उपस्थितींत अधिक आहे. समोर कोणी नसेल, तर नवें कडवें कोणासाठीं रचावयाचें? म्हणून तिची ध्वनिमुद्रिका ऐकतांना उंच स्वराबरोबरच कडव्यापूर्वीं मंदावणाऱ्या पावलांकडेहि कान द्यावा.