माडाच्या वेगाने येणारं तंत्रज्ञान

प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) नारळाची रोपं तयार करण्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आपल्या बागेत ती कधी येतील, याचा अंदाज बांधायचा तर मागे वळून पाहावं लागतं.

१९३२ साली केरळात नीलेश्वर येथे जे. एस. पटेल यांनी उंच आणि ठेंगू नारळाचा संकर केला. त्याच दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका शेतात उतरला. झ्वी ग्रिलिचेस या अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये त्याच्या प्रसाराचा आलेख मांडला. सुरुवात संथ, मग झपाट्याने चढ, शेवटी सपाटी. आयोवात १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला जेमतेम चार वर्षं लागली. कोकणातल्या बागांत मात्र आजही बाणवली ही उंच जातच जास्त दिसते.

हा फरक का पडला, ते कोकणातल्याच भाट्येच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात कळतं. १९५५ पासूनच्या या केंद्राने बाणवलीतून निवडलेली ‘प्रताप’ जात दिली, ‘कोकण भाट्ये’ हा संकरही दिला. संकर करताना ठेंगू माडाच्या पोयीतली (फुलोऱ्यातली) नरफुलं काढून टाकायची, पोय पिशवीत बांधायची आणि मादीफुलं उमलली की उंच जातीचे परागकण त्यांवर सोडायचे. मग नारळ पक्व व्हायला वर्षभर, रोप लावण्याजोगं व्हायला आणखी जवळपास तेवढंच. आणि एका नारळातून रोप एकच. मक्याच्या एका कणसात शेकडो दाणे असतात आणि पीक चार महिन्यांत हाती येतं. अडलं होतं ते रोपांच्या संख्येत आणि पिढीच्या लांबीत.

जळगावच्या केळीने याची दुसरी बाजू दाखवली. ऊतिसंवर्धनाने रोपं भराभर वाढली, पीकही साधारण वर्षभरात आलं; म्हणून ‘ग्रँड नैन’ ही जात काही वर्षांतच सर्वदूर पोचली.

नारळाच्या ऊतिसंवर्धनाने रोपांची टंचाई सुटू शकेल. पण नवी रोपं खात्रीची आहेत का, हे ती फळाला आल्यावर आणि काही वर्षं धरल्यावरच कळणार. तो काळ प्रयोगशाळा कमी करू शकत नाही. तेव्हा बातमी कितीही आशादायक असली, तरी यंदा लावायचं रोप त्यासाठी थांबवू नये.